हजेरीपट कोणाच्या हातीं?

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली यांपैकीं कोणत्याही गांवच्या ठिय्यावर सकाळीं जाऊन पाहावें. थापी घेतलेले गवंडी, फावडीं घेतलेले बिगारी आणि पाट्या घेतलेल्या रेजा कामाची वाट पाहत उभीं दिसतील. यांच्या हातांनीं शहरांतल्या माड्या चढतात, पण यांचें नांव कोणाच्याही हजेरीपटावर नाहीं. आणि ज्याचें नांव हजेरीपटावर नाहीं, त्यास सरकारही ओळखीत नाहीं व युनियनही ओळखीत नाहीं. हा नियम दिसावयास सर्वांस सारखा आहे. परंतु त्याचा मार नेमका गरिबावर बसतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नियम काय आहे तो पाहूं. बांधकाम कामगारांसाठीं १९९६ सालीं कायदे झाले, बांधकामाच्या खर्चावर शेंकडा एक उपकर बसला आणि पुढें २००७ सालीं महाराष्ट्राचें कल्याणकारी मंडळ निघालें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते कायदे जाऊन नव्या कामगार-संहिता आल्या. परंतु मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केलेलें असावें, ही अट कायम राहिली.

नव्वद दिवस राबणें आमच्या माणसांस जड नाहीं. धानाचें चुरणें आटोपलें कीं माणूस नागपूर गांठतो. समजा, तेथें साठ दिवस झाले, तुमसरास वीस झाले आणि पवनीस तीस झाले. एकशें दहा दिवस भरले! पण दाखला कोण देणार? नागपूरचा ठेकेदार म्हणतो, तूं माझा नव्हेस, मुकादमाचा. मुकादम फोन उचलीत नाहीं. ग्रामसेवक म्हणतो, मीं तुला तेथें पाहिलें नाहीं. मग दलाल पुढें येतो. ज्यानें कधीं वीट उचलली नाहीं त्याचे नव्वद दिवस कागदावर भरतात, आणि ज्यानें घाम गाळला त्याचे हवेंत जातात. बोगस नोंदणीची ओरड झाली म्हणजे नियम आणखी आवळतात. त्यांत गळा पुन्हां खऱ्या मजुराचाच सांपडतो.

युनियनच्या नियमांचीही तीच गत. एका आस्थापनेंत अनेक युनियन असल्या, तर मस्टरवरील शेंकडा ५१ कामगार जिच्या मागें असतील तिलाच मालकाशीं बोलण्याचा एकटीचा हक्क, असें औद्योगिक संबंध संहिता सांगते. गिरणीस हें शोभेल. पण आठ माणसें जेथें घर बांधतात तेथें मस्टर कोठलें? शिवाय असंघटित धंद्याच्या युनियनमध्यें निम्मे पदाधिकारी बाहेरचे चालतात. बाहेरचा मनुष्य विद्वान असेल, वकील असेल. पण मजुरीचा दर ठरवितांना तो रेजेस विचारतो काय? जन्मभर गवंड्याच्या हाताखालीं माल दिला, तरी त्या बाईच्या हातीं थापी येत नाहीं. आणि युनियनच्या कचेरींत लेखणीही येत नाहीं.

कोणी म्हणतील, नियमाशिवाय संघटना कशी चालेल? प्रश्न रास्त आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईस गिरणी कामगारांची संस्था काढली. तिला सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, लेखी नियम नव्हते. तरी १० जून १८९० पासून कामगारांस रविवारची सुटी मिळाली. परंतु १८९७ सालीं लोखंडे वारले आणि ती संस्थाही पुढें टिकली नाहीं. तेव्हां नियम हवेतच. मात्र ते मजुराचें जिणें पाहून केलेले हवेत.

असा नियम आपल्याच राज्यांत झालेला आहे. हमालाचा मालक रोज बदलतो. म्हणून अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९ च्या माथाडी कायद्यानें हमालाची नोंद मालकाकडे न ठेवतां मंडळाकडे ठेविली. त्या नांवाखालीं खंडणी उकळणारेही निघाले, हें खरें. पण चोर शिरला म्हणून कोणी घर पाडीत नाहीं, कडी लावतो.

म्हणून आमची मागणी अशी. हजेरीची वही मजुराच्या स्वतःच्या खिशांत असावी, आणि ज्यानें आठवड्याची मजुरी दिली त्यानें तींत सही करावी. सर्व ठेकेदारांचे दिवस एकत्र मोजावे. सही नाकारणाऱ्या ठेकेदारास दंड व्हावा, मजुरास नव्हे. युनियननें वर्गणीची पावती द्यावी आणि सभासदांची यादी ठिय्यावर मोठ्यानें वाचून दाखवावी. वर्गणी न देणाऱ्याचा दाखला अडवूं नये. वर्गणी हा संघाचा हक्क असेल, पण दाखला हा घामाचा हक्क आहे. पदाधिकारी बहुतेक राबणारेच असावेत, आणि त्यांत रेजा असल्याच पाहिजेत.

बंधुभगिनींनो, हें सर्व कायदा बदलण्याची वाट पाहत बसण्यासारखें नाहीं. वही दोन-चार आण्यांची नसली तरी दहा-वीस रुपयांची आहे. ती आजच घ्या, आणि येत्या शनिवारीं मजुरी हातीं पडतांच मुकादमापुढें सहीसाठीं धरा. तो नाहीं म्हणाला, तर ठिय्यावरच्या सर्वांनीं मिळून धरा.