चार मिनिटांचा गजा

गॅदरिंगच्या आठ दिवस आधी कल्चरल कमिटीतला एक मित्र रूमवर आला. म्हणाला, "तू कवठे महांकाळकडचा ना? मग धनगरी गजाचे ड्रेस तुझ्याकडं मिळतीलच. बारा पाहिजेत." ड्रेसचं काय घेऊन बसलात, आमच्या घरी ढोलच आहे! माझे चुलते गावच्या गजामंडळात वाजवतात. फोन केला, आणि तात्या स्वतः बारा अंगरखे, फेटे आणि रंगीत रुमालांचं गाठोडं घेऊन एस.टी.नं आले.

फिशपाँड आणि फॅशन शो यांच्या मधे आपल्या पोरांचा गजा झाला. चार मिनिटं. सिनेमातलं एक गाणं, त्याच्यावर ढोलाचा ट्रॅक, शेवटी भंडाऱ्याची उधळण. मेकॅनिकलची सगळी बाकं उभी राहिली. शिट्ट्या मारणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. नंतर मेसमध्ये जेवताना विचारलं, "तात्या, कसं वाटलं?"

"पोरं झ्याक नाचली की. पण सुंबरान कुठं हुतं?"

टेबलावरच्या सहाजणांपैकी एकालाही सुंबरान म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला शब्द माहीत होता, पण नीट सांगता येईना. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

मित्रांनो, सुंबरान म्हणजे स्मरण. धनगरी ओवीला सुरुवात करताना आधी देवाचं स्मरण मांडतात, मग कथा. एकजण गातो, बाकीचे झेलतात, थोडं गाऊन झालं की तेच बोलून उलगडून सांगतात, पुन्हा गाणं. बिरोबाची आई सुरवंती, बहीण मायाक्का, ती कर्नाटकात चिंचलीला कशी गेली, असं एकातून एक निघत रात्र सरते. गजा हे त्याचं नाचणारं अंग. आपण पाय उचलून स्टेजवर आणले आणि तोंड गावातच ठेवलं!

आमच्या तालुक्यातलं आरेवाडीचं बिरोबाचं बन अनेकांनी ऐकलं असेल. मिरज ओलांडून पंढरपूर रस्त्याला लागलं की हिरवं मागं पडतं आणि आमचा दुष्काळी मुलूख सुरू होतो. पावसाचा भरवसा नाही म्हणून मेंढरं, आणि चाऱ्यासाठी मेंढरांमागं माणसं. दिवाळीनंतर नदीकाठाला जायचं, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्या खताबद्दल धान्य घ्यायचं आणि मिरगाच्या सुमाराला परत फिरायचं. ओवी या फिरतीत वाढली. रात्री वाड्यावर राखण करत जागं राहायचं तर लांबलचक कथाच पाहिजे. चार मिनिटांत लांडगा थोडाच परत जातो!

आपल्याला जे ऐकायला वेळ नाही त्यासाठी एक माणूस जर्मनीहून आला होता. गुंथर सोन्थायमर. हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवायचे. मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर बसून टेपरेकॉर्डरवर ओव्या घेतल्या आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये जर्मनीत ग्रंथ काढला. १९९२ मध्ये ते गेले. त्यांनी जमवलेल्यातल्या दोन कथा, एक बिरोबाची आणि एक धुळोबाची, अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २०१४ मध्ये इंग्रजीत आणल्या. म्हणजे बिरोबा ऑक्सफर्डच्या पुस्तकात गेला. आपल्या हॉस्टेलवर मात्र त्याचा नुसता ड्रेस आला.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं, त्याचा अभिमान मलाही आहे. दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, पेपरात फोटो येतात. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला रात्रभर चालणारी कथा आहे, तिच्या वाट्याला 'स्वागतासाठी धनगरी ढोल' एवढी अर्धी ओळ येते. पाहुण्यांच्या गाडीपुढं वाजवायचं, पाहुणे स्टेजवर गेले की ढोल बाजूला ठेवायचा.

हे सगळं मी तात्यांना तावातावानं ऐकवलं. वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "आरं, चार मिनिटाचं पैसं मिळत्यात. रातभराचं कोन देतो? वरातीच्या सुपाऱ्या हैत म्हनून मंडळ हाय." पुढं जे सांगितलं ते जास्त लागलं. मंडळात ढोल वाजवणारे अकरा आहेत, सगळे चाळिशीच्या आतले. पुरी ओवी येणारे दोघं होते, त्यातले एक गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांचं एकही रेकॉर्डिंग नाही. मोबाईल सगळ्यांच्या खिशात होते. माझ्याही. मी सुट्टीत गावी असताना ते आमच्या कट्ट्यावर बसून गायचे आणि मी हेडफोन लावून बसायचो.

म्हणून माझं म्हणणं असं, की गॅदरिंगमधला गजा राहू द्या, बंद करा असं मी म्हणत नाही. पण वर्षातली एक रात्र ओवीला द्या. स्टेज नको, लायटिंग नको, स्पर्धा तर नकोच. हॉस्टेलमागचं ग्राउंड आणि मेसच्या सतरंज्या पुरेत. डीजेवर जेवढा खर्च होतो त्याच्या निम्म्यात मंडळाचं येणं-जाणं आणि योग्य मानधन भागेल, हिशेब मी करून ठेवलाय. रेकॉर्डिंग ईएनटीसीच्या पोरांनी करावं, चांगले माईक त्यांच्याच लॅबला आहेत. शब्द उतरवून काढायला माणसं लागतील, कारण जुने शब्द आम्हालाही कळत नाहीत. ते गाणाऱ्याला शेजारी बसवून विचारत लिहावे लागतील.

"रात्रभर बसणार कोण?" असं माझा पार्टनर म्हणतो. हा तोच पार्टनर, जो सबमिशनच्या आदल्या रात्री पहाटे पाचपर्यंत जर्नल उतरवतो आणि मॅच असली की कॉमन रूममध्ये दोन वाजवतो. पन्नासजण बसले तरी खूप झाले. निम्मे झोपले तरी चालेल. वाड्यावर सुद्धा ऐकता ऐकता माणसं झोपतच असतील की.

तात्यांना विचारलंय. ते यायला तयार आहेत. अटी दोनच, मधे कुणी भाषण करायचं नाही आणि रात्रीतून दोनदा चहा लागेल. ओवीवाले सत्तरीच्या पुढचे आहेत, तरी अजून मेंढरांमागं जातात. दिवाळी झाली की ते नदीकाठाला निघतील, मग सापडायचे नाहीत. तेव्हा रेक्टर सरांनी आणि कल्चरल कमिटीनं तारीख दसऱ्याच्या आत सांगावी. चहाचं मी बघतो.