मंचावर कोलंबिया, नियमात मनाई

आमच्या विद्यापीठात परदेशी करिअरवर जाहीर कार्यक्रम झाला. मंचावर बाबासाहेबांचं कोलंबिया आलंच. त्याशिवाय आपली पोरं सभागृह भरणार कशी? मी राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीबद्दल विचारलं, तर वेळ संपली म्हणून माईक काढून घेतला.

ही शिष्यवृत्ती म्हणजे अख्ख्या देशासाठी जागा 125. त्यात अनुसूचित जातींना 115, बाकीच्या दहांत भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर. 2022 च्या नियमावलीने तर भारताची संस्कृती, इतिहास, समाज हे संशोधनाचे विषयच वगळले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 ला गेलेल्या भीमरावांनी मे 1916 मध्ये कोलंबियात निबंध वाचला तो भारतातल्या जातींवरच! या नियमाने तो विषय बाद.

म्हणे भारताचा अभ्यास भारतातच होतो. इथे गाईड आडनाव बघून विषय बदलायला लावतो, ते कोण सांगणार? डेटा सायन्स शिका, जातीवर बोलू नका, एवढाच यांचा सामाजिक नवोन्मेष.

पुढच्या कार्यक्रमाला जरूर जा. चहा घ्या, आणि विभागप्रमुखांना सगळ्यांसमोर विचारा: गेल्या पाच वर्षांत तुमच्या विभागातून या शिष्यवृत्तीचे अर्ज किती गेले?