दाखला आणि थापी

मी मॅट्रिक आहे. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचावे की नाही, हे पदवीधर वाचकांना ठरविता येईल. वीस वर्षे मी मुलांना चित्रकला शिकवितो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. मध्यंतरी माझ्या एका कादंबरीवर प्रबंध लिहिणाऱ्या बाई घरी येऊन गेल्या. तीच कादंबरी कॉलेजात शिकविण्याचा अधिकार मला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार निराळी आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची नवी इमारत उठली. ती ‘हरित’ असावी असे संस्थाचालकांच्या मनाने घेतले, आणि शहरातून एक सल्लागार आले. तरुण, हुशार, बोलायला गोड; नावापुढे परीक्षेची इंग्रजी अक्षरे. नकाशा भिंतीवर लागला तेव्हा एका विद्यार्थ्याचा बाप तेथे उभा होता. तीन पिढ्यांचा गवंडी. तो मला हळूच म्हणाला, “मास्तर, मावळतीकडं एवढी काच कशाला? दुपारनंतर पोरं भाजून निघतील. पडवी काढायला सांगा.” मी ते सभेत बोललो. “हे मत कोणाचे?” असे विचारण्यात आले. मी खरे ते सांगितले. सभा हसली. आज चैत्र लागला की त्या वर्गांच्या खिडक्यांना आम्ही गोणपाट बांधतो आणि पंखे दिवसभर फिरवितो. प्रमाणपत्र दारापाशी टांगले आहे. तेथे ऊन येत नाही.

ही अक्षरे कशी मिळतात, याची मी चौकशी केली. अमेरिकेतील ग्रीन बिल्डिंग कौन्सिलच्या ‘लीड’ पद्धतीची पहिली परीक्षा दोन तासांची. प्रश्न शंभर, उत्तरे पर्यायांतून निवडायची. मग दर दोन वर्षांनी पंधरा तासांचे शिक्षण घेऊन ती पात्रता ताजी ठेवायची. मराठीतून ही परीक्षा देता येत नाही. आणि गंमत अशी, की इमारतीच्या चमूत अशी वरची परीक्षा उतरलेला एक जाणकार असला, तर इमारतीलाही त्याबद्दल एक गुण मिळतो! जाणत्या गवंड्याच्या नावाने ठेवलेला गुण मला कोठे आढळला नाही.

येथे कोणी म्हणेल, “मास्तर, उद्या वैदूच्या हाती शस्त्रक्रिया द्याल काय?” नाही देणार. ‘हरित’, ‘सेंद्रिय’ हे शब्द आज कोणीही कशावरही चिकटवितो. म्हणून पारख हवीच, परीक्षाही हवी. पण नाव राखणे वेगळे आणि काम राखून ठेवणे वेगळे. 1972 च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे नाव नोंदणी झालेल्यांपुरते राखले. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सांगितला : नोंदणी नसलेल्याने ते नाव लावू नये, तेवढ्यावरून इमारतीचा आराखडा करण्याचे काम त्याला वर्ज्य होत नाही. आमच्या सभेत कायदा कोणी मोडला नाही. फक्त एका माणसाचे शहाणपण कागदावाचून हसण्यावारी गेले.

शहाणपण शाळेतच पिकते, असे मी शिक्षक असूनही म्हणू धजत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी वाणांची बियाणी जतन केली, इतर बायांना ती राखायला शिकविले, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण त्यांचा सत्कार करतो, शाल घालतो. पण उद्या ‘शाश्वत शेतीतज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात निघाली, तर त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत खाली पडेल. शाल मिळते, खुर्ची मिळत नाही!

दाखला दार उघडूही शकतो. पुण्यात 1993 साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिने कचरावेचकांना, त्यांत बहुतेक बायाच, ओळखपत्रे दिली आणि महापालिकेने ती मान्य केली. पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्यास आरंभ केला. त्या कार्डासाठी कोणी इंग्रजी विचारले नाही. त्या काय काम करतात, एवढेच पाहिले.

तेव्हा माझे मागणे मोठे नाही. परीक्षा मराठीतही घ्या. ज्याला लिहिता येत नाही त्याची परीक्षा तोंडी घ्या, आणि कामावर घ्या : त्याने बांधलेली भिंत पाहा, राखलेले बी पेरून पाहा. आणि परीक्षकांच्या रांगेत एक तरी खुर्ची अशा माणसाला द्या, ज्याचे हात चुन्याने भाजलेले आहेत. इमारत टिकावी, माती टिकावी, असे म्हणणाऱ्यांनी ती टिकविणारा माणूस टिकेल, इतके तरी पाहावे की नाही?

त्या गवंड्याचा मुलगा यंदा माझ्या वर्गात दहावीला आहे. चित्र काढताना तो घराला आधी पडवी काढतो. परवा बाप विचारीत होता, “मास्तर, ह्यानं थापी धरावी का टाकावी? आमच्या इद्येचा कुठं कागद मिळतो का?”

मी गप्प राहिलो. दाखले देणाऱ्या विद्वज्जनांनी त्याला उत्तर द्यावे. मी मॅट्रिक आहे.