कप घरात, जॉकी रजेवर

आमच्या इनामगावाजवळून जी नदी वाहते तिचं नाव घोड. तालुक्याचं गाव शिरूर, पण जुनी माणसं अजून त्याला घोडनदीच म्हणतात. इंग्रजांच्या काळी तिथं त्यांची छावणी होती आणि छावणीत घोडदळ होतं. असा आमच्या पाण्यात घोडा, पत्त्यात घोडा, इतिहासात घोडा. तरीही आमच्या घराण्यात घोड्यावर बसलेला शेवटचा माणूस म्हणजे मी, आणि तोही लग्नाच्या वरातीत. घोडी बँडवर नाचत होती, मी भीतीनं थरथरत होतो. दोघांचा ताल एकच पडल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच.

तेव्हा रेसच्या घोड्यांवर बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय, असं कुणी विचारील. अधिकार आहे. मी बी. कॉम. आहे, वीस वर्षांवर बँकेत कारकुनी करतो आहे, आणि आज मला ज्याबद्दल भांडायचं आहे तो विषय मूळचा घोड्याचा नाहीच. तो हिशेबाचा आहे. शर्यतीत निष्काळजीपणे घोडा हाकणाऱ्या जॉकीला जी शिक्षा होते, तिचा हिशेब जुळत नाही. आणि हिशेब जुळला नाही की मला जेवण जात नाही.

ज्यांनी रेस फक्त हिंदी सिनेमात पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. (सिनेमात नायकाचा घोडा शेवटून पहिला येतो आणि आईच्या ऑपरेशनचे पैसे सुटतात. प्रत्यक्षात घोडा शेवटून शेवटचाच येतो.) आपल्याकडं पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर रेस होतात. दोन्हीकडचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा. दहा-बारा घोडे सुटतात. एकेकाचं वजन साडेचारशे-पाचशे किलो, वेग ताशी साठ किलोमीटरच्या घरात, आणि पाठीवर पन्नास-पंचावन्न किलोचा एक माणूस, तोही बसलेला नाही, रिकिबीत ओणवा उभा राहिलेला. वळणावर आतल्या कठड्याला चिकटून पळालं तर अंतर कमी पडतं, म्हणून सगळ्यांनाच आत यायचं असतं. पुण्यात संध्याकाळी सिग्नल सुटल्यावर रिक्षावाल्यांचं जे होतं, तेच.

आता एखादा जॉकी मागचा घोडा पुरता मागे पडायच्या आधीच आपला घोडा आडवा घालतो. आपण रस्त्यावर ज्याला ‘कट मारणं’ म्हणतो ते. मागच्याला लगाम खेचावा लागतो. तो खेचायला उशीर झाला तर त्याच्या घोड्याची पुढची टाप पुढच्या घोड्याच्या मागच्या टापेत अडकते. मग घोडा तोंडावर आपटतो, जॉकी त्याच्याही पुढं पडतो, आणि मागून उरलेले सात-आठ घोडे येतच असतात.

पडणं म्हणजे काय असतं ते महालक्ष्मीनं १९७९ साली पाहिलं. कार्ल उमरीगर हा कोवळ्या वयाचा, नाव कमावू लागलेला जॉकी शर्यतीत पडला आणि त्यातच गेला. त्या पडण्यात दुसऱ्या कुणाचा दोष होता, असं मी म्हणत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की जिथं नुसतं पडणं एवढं महाग आहे, तिथं दुसऱ्याला पाडू शकेल अशा हाकण्याला ‘निष्काळजी’ हा शब्द फार गरीब वाटतो. मी स्लिपवर तारीख लिहायला विसरलो तर तो निष्काळजीपणा. दोन्हींना एकच शब्द?

बरं, चौकशी होत नाही असं नाही. होते, आणि आमच्या खात्यापेक्षा शंभरपट लवकर होते. आमच्याकडं मेमो, खुलासा, खुलाशावर खुलासा, चार्जशीट अशी वरात निघते. वरातीतला नवरदेव रिटायर व्हायला आला तरी मांडवात पोचत नाही. रेसकोर्सवर मात्र शर्यत संपता संपता ‘ऑब्जेक्शन’ची घोषणा होते आणि लोक तिकिटं फाडायची थांबतात. स्टुअर्ड मंडळी वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली फिल्म पाहतात, दोन्ही जॉकींना बोलावून विचारतात आणि निकाल देतात. इथपर्यंत मी टोपी काढायला तयार आहे.

भांडण पुढं आहे. स्टुअर्डांपुढं दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, शर्यतीचा निकाल बदलायचा का? दुसरा, जॉकीचं काय करायचं?

पहिल्या प्रश्नावर जगात दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, धक्का बसला नसता तर धक्का खाल्लेला घोडा धक्का देणाऱ्याच्या पुढं आला असता का, ते पाहा. आला असता तरच नंबर बदला, नाहीतर निकाल कायम. बहुतेक मोठ्या देशांनी हा पंथ धरला आहे. जपान २०१३ साली त्यात गेला, फ्रान्स आणि जर्मनी २०१८ साली. दुसरा पंथ अमेरिकेचा. धक्क्यामुळं दुसऱ्याचा नंबर हुकण्याजोगं झालं, एवढं पुरे. धक्का देणारा त्याच्याही खाली. ४ मे २०१९ ला केंटकी डर्बीत पहिल्यांदा खुंट ओलांडणारा घोडा होता ‘मॅक्झिमम सिक्युरिटी’. (नावावरून हा घोडा की बँकेची ठेव योजना, असा प्रश्न मला पडला होता.) वळणावर तो बाहेरच्या बाजूला सरकला आणि मागच्यांना लगाम खेचावे लागले. स्टुअर्डांनी वीस-बावीस मिनिटं फिल्म पाहिली आणि पहिल्याला सतरावा करून टाकला. पासष्टास एक भावाचा ‘कंट्री हाउस’ पहिला झाला. जॉकी लुईस साएझला पंधरा दिवसांची बंदी. ठेव मुदतीआधीच मोडली!

या दोन पंथांत बरा कोणता, यावर जाणकारांनी खुशाल डोकी फोडावीत. मला पहिल्या पंथाचं म्हणणं पटतंसुद्धा. जो घोडा सरळसरळ चांगला होता, त्याच्यावर पैसे लावणाऱ्यानं जॉकीच्या पापाची फेड का करावी? पण मग एक गोष्ट ओघानं येते. घोड्याला माफी द्यायची असेल, तर जॉकीला माफी देता येत नाही. निकाल कायम ठेवायचा, तर हाकणाऱ्याची शिक्षा दुप्पट कडक हवी. कारण आता त्याला आवरणारं दुसरं काही उरलेलंच नाही.

प्रत्यक्षात काय होतं? जमेच्या बाजूला लिहा: शर्यत जिंकली, बक्षिसाची रक्कम आली, मालकाच्या दिवाणखान्यात कप आला, ट्रेनरचं नाव झालं, जॉकीला त्याची टक्केवारी मिळाली. नावेच्या बाजूला लिहा: जॉकीला चार-सहा दिवस बंदी. बेरीज करा. अहो, अकौंटन्सीच्या पेपरात नापास झालेलं पोरगंही सांगेल की हा धंदा फायद्याचा आहे. मोठ्या शर्यतीत शेवटच्या दोन फर्लांगांत जॉकीच्या डोक्यात हाच ताळेबंद चमकून जात असेल, तर त्याला वेडा कोण म्हणेल?

शिवाय बंदीची तारीख. ब्रिटनमध्ये बंदी लगेच लागू होत नाही, दोनेक आठवड्यांनी लागते. जून २०२३ मध्ये रॉयल अ‍ॅस्कॉटला फ्रँकी डेटोरी या जगद्विख्यात जॉकीला पहिल्याच दिवशीच्या क्वीन अ‍ॅन शर्यतीत निष्काळजी हाकण्याबद्दल नऊ दिवसांची बंदी झाली. मंगळवारी शिक्षा, आणि गुरुवारी त्याच मैदानावर त्याच गृहस्थानं गोल्ड कप जिंकला! लोकांनी टोप्या उडवल्या. बंदी जुलैत सुरू झाली आणि त्यात त्याची एक्लिप्सची शर्यत हुकली हे खरं. म्हणजे शिक्षा अगदीच फुकट गेली नाही. पण मंगळवारी ज्याच्या हातून इतरांना धोका झाला, त्याच्या हातात गुरुवारी लगाम द्यायचा आणि जुलैत काढून घ्यायचा, हे कोणतं औषध? ताप आज आला आहे, गोळी पुढच्या महिन्यात घ्या.

हे सगळं मी गावी आमच्या आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे चुलते, बैलगाड्याचे जुने शौकीन. आमच्या भागातल्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढं घोडी पळते, मागं बैल, आणि निकाल सेकंदांवर. प्रत्येकाची बारी वेगळी, त्यामुळं कुणी कुणाला आडवं यायचा प्रश्नच नाही. आबांनी शांतपणे तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरं, मंग आमचं काय चुकलं व्हतं?”

त्यांचा रोख मला कळला. २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेत खेळात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल गेला. घोडा त्या यादीत नव्हता. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. २०१७ साली राज्यानं कायदा बदलला, तरी सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. आता हाकणाऱ्याच्या हातात काठी नको, चाबूक नको, एक हजार मीटरच्या पुढं धाव नको. अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

“म्हंजी बग,” आबा म्हणाले, “आमी आमच्याच बैलाला काठी दावली तर पाच लाख. अन् तुझ्या त्या जाकिटवाल्यानं दुसऱ्याचा घोडा पाडला, वरला माणूस मोडला, तर त्याला आठ दिस सुट्टी?”

“सुट्टी नाही आबा, बंदी.”

“बिनपगारी का?”

“बिनपगारी.”

“मंग सुट्टीच की. आमी आवंदा तेच केलं, पाऊस नव्हता तवा.”

बैलगाड्याच्या अटी गैर आहेत, असं माझं म्हणणं नाही. मुक्या जनावरासाठी कायदा कडक असावाच. पण गरिबाच्या घाटात जो कायदा हातात तराजू घेऊन उभा राहतो, तो श्रीमंतांच्या कठड्याशी आला की खांद्यावर हात टाकून का बोलतो?

आता जॉकीची बाजू. ती सांगितली नाही तर मी कसला कारकून! जॉकी म्हणतो, “साहेब, मी नाही, घोडा कलला.” हे खरंही असतं. दमलेला घोडा कलतो. पण मग सरळ करण्यासाठीच तर लगाम आहे. कलत्या घोड्याला लगाम लावायचा सोडून जो चाबूक मारत राहतो, त्यानं घोड्याच्या नावावर पावती फाडू नये. आमच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलं. त्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मातीची एक देवी मिळाली, तिला मुंडकं नाही. सोबत एक बैल मिळाला. त्याच्या पाठीला भोक आणि देवीच्या पोटाला भोक, मधे काडी घातली की देवी बैलावर स्वार. बिनडोक्याची स्वारी आमच्या गावाला नवी नाही, पण ती देवी आहे, तिला चालतं. जॉकीला डोकं लागतं.

दुसरी बाजू मात्र मला खरोखर टोचते. आमच्या बँकेत सस्पेंड झालेल्या माणसाला निर्वाह भत्ता मिळतो. जॉकीचं तसं नाही. घोडा नाही तर फी नाही. बडा जॉकी बंदीत परदेशी हिंडून येतो. महिन्यात मोजके घोडे मिळणारा पोरगा त्याच बंदीत उधारीवर दिवस काढतो. वर पुन्हा ‘पुढं घाल, काय वाटेल ते कर’ असं त्याला सांगणारे मालक-ट्रेनर चौकशीच्या खोलीबाहेर चहा पीत असतात.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि एकीलाही बजेट लागत नाही. पहिली: शिक्षा हाकण्याला द्या, निकालाला नाही. धक्का दिलेला घोडा पहिला आला की नववा, मागचा वाचला की पडला, यावर दिवस मोजू नका. तो नशिबाचा भाग झाला. दुसरी: धोका आज झाला असेल तर बंदी उद्यापासून. अपिलाचा हक्क द्या, पण अपिलाचा निकालही आठवड्यात लावा. तिसरी आणि मुख्य: त्या शर्यतीची कमाई अडवा. जॉकीची टक्केवारी, ट्रेनरची टक्केवारी आणि मालकाच्या बक्षिसाचा काही हिस्सा काढून घ्या आणि पडून जायबंदी झालेल्या जॉकींच्या मदतीला लावा. मालकाचा खिसा एकदा हलका झाला, की बघा तोच पुढच्या शर्यतीआधी जॉकीला सांगेल, “बाबा रे, हरलास तरी चालेल, पण सरळ ये.”

हे फार कडक वाटत असेल तर आमच्या काउंटरवर या. संध्याकाळी कॅश मोजताना पाचशे कमी भरले, तर ते त्याच संध्याकाळी कॅशियरच्या खिशातून जातात. आणि पाचशे जास्त भरले तर? ते काही त्याला घरी नेता येत नाहीत. ते सस्पेन्स खात्यात पडतात, खरा धनी सापडेपर्यंत. आमच्याकडं चुकीतून आलेला पैसा सस्पेन्समध्ये जातो आणि माणूस घरी जातो. रेसकोर्सवर माणूस सस्पेंड होतो आणि पैसा घरी जातो.