लढाईच्या जागी आपलं काय काम?



गेल्या महिन्यात आम्ही सात-आठ जणी तळेऱ्याहून कुंभोजच्या बाहुबलीला निघालो. करूळ घाट चढून गगनबावडा मागे टाकला, तेव्हा मी म्हटलं, थोडी वाट वाकडी करून पन्हाळ्यावर जाऊ, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी घटकाभर थांबू. मागच्या सीटवरून एक काकू म्हणाल्या, "लढाईच्या जागी आपलं काय काम गं? उगाच हिंसेची अनुमोदना लागायची."

गाडी वळली नाही. काकू मोठ्या, म्हणून मी गप्प बसले. आज बोलते.

स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मनात बरं म्हणणं, तिन्हींचा बंध लागतो, हे आपण पाठशाळेत शिकलो. मान्य. पण पन्हाळ्यावर आठवायचं काय असतं? 1660 साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला होता. आषाढ पौर्णिमेच्या रात्री, भर पावसात शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसले, पकडले गेले आणि मारले गेले. त्यांचं काम कुणाला मारायचं नव्हतं, दुसऱ्याच्या जागी मरायचं होतं. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू आणि त्यांचे मावळे पडले. हे आठवून हात जोडले तर ती हिंसेची अनुमोदना कशी?

हिंसेचे चार प्रकार आपल्याला पाठ आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. चूल पेटवली की आरंभी, दुकान उघडलं की उद्योगी. ती आपण रोज करतो आणि रोज आलोचना करतो. गृहस्थाला पूर्ण सोडायला सांगितली आहे ती संकल्पी. घरावर चालून आलेल्याला अडवणं ही विरोधी. तीसुद्धा हिंसाच, तिचाही बंध चुकत नाही. पण तो बंध दुसऱ्याने आपल्या माथी घ्यायचा, आपण निर्धास्त झोपायचं, आणि वर त्याच्या पुतळ्यापाशी थांबायलाही कचरायचं? याला मी अहिंसा म्हणणार नाही. हा उपकार विसरणं आहे.

श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारे चामुंडराय गंग राजांचे सेनापती होते. त्या मूर्तीच्या महामस्तकाभिषेकाला आपण आनंदाने जातो. आणि बाहुबली तरी कोण? भरताशी लढायला दोन्हीकडची सैन्यं उभी होती. ती थांबवून दोघे भाऊच दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध लढले, आणि जिंकलेला सगळं सोडून वनात गेला. न झालेल्या रणाची आठवण कुंभोजला, झालेल्या रणाची पन्हाळ्यावर. एकाच दिवशी दोन्ही पाहिली तर बिघडतं कुठे?

पुढच्या रविवारी मी लेकीला घेऊन गेले. पुतळ्यासमोर तिने विचारलं, "आई, यांनीपण माणसं मारली ना?" मी हो म्हटलं. लपवलं नाही. मग म्हटलं, ज्यांनी मारलं त्यांच्यासाठी आणि जे मेले त्यांच्यासाठीही, दोन्हीकडच्या, नऊ णमोकार म्हणू. चपला काढून आम्ही कायोत्सर्गात उभ्या राहिलो. शेजारी एक कुटुंब पोराच्या हातात प्लास्टिकची तलवार देऊन "मार, मार" म्हणत फोटो काढत होतं. काकू, अनुमोदना शोधायचीच तर ती तिथं होती.

सज्जाकोठीतून खालची दरी पाहिली, डब्यातल्या भाकऱ्या खाल्ल्या आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरलो.

पुढच्या वेळी कोल्हापूरकडे गेलात तर तासभर काढा. मुलांनाही न्या. तलवार मात्र विकत घेऊ नका.