हातपाय सावरले, आठवणीचे काय?

अंगावरून वारे गेले की आपल्याकडे घरातली सगळी माणसे रुग्णाच्या हातापायाकडे बघू लागतात. मूठ वळते का, तोंड सरळ झाले का, उंबरा ओलांडता येतो का. दोन महिन्यांनी माणूस काठी टेकत कट्ट्यावर येऊन बसला की ‘बरा झाला’ म्हणून घर निर्धास्त. पुढे वर्षभरात हाच माणूस सकाळी डेअरीत दूध घालून येतो आणि किटली घेऊन पुन्हा निघतो; दूधबिलाचा हिशेब त्याला लागेनासा होतो. त्यावर घरचे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा तो मेंदूच्या त्याच झटक्याचा पुढचा अंक असतो.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2009 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पहिल्या झटक्यानंतर सुमारे दहांतल्या एकाला स्मृतिभ्रंश जडतो, झटका पुन्हा आला तर तिघांत एकाहून अधिक जणांना. म्हणजे लढाई दुसरा झटका रोखण्याची आहे, आणि ती आपण हरतो रक्तदाबाच्या गोळीपाशी. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद! रक्तदाब चढला तरी बहुतेकांना काही जाणवतच नाही, हाच त्याचा दगा.

तालमींचा अभिमान मिरवणाऱ्या कोल्हापूरने ताटाकडेही पाहावे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर आमचा राग नाही. तो रोज कोण ओरपतो? रक्तदाब चढवणारे मीठ रोज पोटात जाते ते खर्डा, लोणचे, पापड आणि चहाबरोबरच्या खारीतून. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमची, जेमतेम चमचाभर. वर तंबाखूचा बार आणि बायकांची मिसरी. मिसरीला तर व्यसन म्हणायलाही कुणी तयार नसते. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठेपणा, बहिरेपणा अशी चौदा कारणे आवरली तर जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये सांगितले.

सगळे खापर रुग्णाच्या माथी फोडून मात्र चालणार नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्याआधी सीटी स्कॅन लागतो. चंदगडकडच्या वाडीवरून शंभराहून अधिक किलोमीटर तुडवत कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय गाठायचे, तर यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. ही सोय गावाच्या जितकी जवळ येईल तितकी माणसे धड राहतील. तोवर निदान झटक्यातून उठलेल्या प्रत्येकाची नोंद गावच्या आरोग्य केंद्राने ठेवावी, दरमहा रक्तदाब मोजावा, गोळ्या तुटू देऊ नयेत आणि सहा महिन्यांनी दहा मिनिटे समोर बसवून त्याची स्मरणशक्ती तपासावी. याला महागडे यंत्र लागत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आजच तसा आदेश काढावा.