स्टीअरिंग बदललंत, बुश कधी बदलणार?

परवा विरारहून मावसभाऊ आला. वय वर्षे २४, पहिली नोकरी, आणि पहिल्या बोनसमधून घेतलेली जुनी होंडा सिटी व्हीटेक. आल्याआल्या चहाही न घेता म्हणाला, "दादा, तुझ्या माळ्यावर ते छोटं स्टीअरिंग पडलंय ना? आणि त्या लोअरिंग स्प्रिंगा? मला दे."

मी नाही म्हटलं आणि साहेब रुसले. "स्वतः मजा केलीस आणि आता शहाणपण शिकवतोस" असं म्हणून निघून गेले. मुद्दा बरोबर आहे. मजा केली होती. म्हणूनच आजचा हा लेख जरा चिडून लिहितोय.

माझी गाडी म्हणजे २००३ सालची फियाट पॅलिओ, १.६ लिटरवाली. नंबर एमएच ०४, म्हणजे वसईचा एमएच ४८ येण्याआधीचा, ठाण्याचा. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की काही लोक हसतात. हसू देत. २००१ साली फियाटने या हॅचबॅकमध्ये १०० बीएचपीचं इंजिन घातलं तेव्हा आम्हा कॉलेजकुमारांसाठी हीच फेरारी होती. (जाहिरातीत सचिन होता, अजून काय पाहिजे!) कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्या पद्मिनी बाहेर पडल्या, तिथलीच ही. नोकरी लागल्यावर बऱ्याच वर्षांनी सेकंडहँड मिळाली आणि तिसऱ्याच महिन्यात मी तिला "अपग्रेड" केलं. ४० मिलीमीटरने खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि ३२ सेंटीमीटरचं, लाल शिलाईचं रेसिंग स्टीअरिंग.

खोटं बोलणार नाही, पहिल्या रविवारी पहाटे अर्नाळ्याला गेलो तेव्हा स्वर्ग दोन बोटं उरला होता. गाडी जमिनीला चिकटून चाललीय, स्टीअरिंग हातात खेळण्यासारखं. बायको मात्र म्हणाली, "पाठ दुखतेय." मी दुर्लक्ष केलं.

आता तक्रार सांगतो. आपल्याकडे "सस्पेन्शन अपग्रेड" म्हणजे गाडी खाली बसवणे, इतकाच अर्थ उरलाय. वीस वर्षांच्या गाडीत खरं काय मेलेलं असतं? रबर. लोअर आर्मचे बुश, स्ट्रटच्या वरचं माउंटिंग, लिंक रॉडचे जॉइंट, टाय रॉड एंड. रबर गाडी उभी असली तरी म्हातारं होतं, कडक होतं, चिरतं. मग ब्रेक मारला की चाक आपल्या जागेवरून किंचित मागे सरकतं, वळणावर किंचित बाहेर, आणि आपल्याला वाटतं स्टीअरिंग "ढिलं" आहे. त्यावर आपला उपाय काय, तर नवीन स्टीअरिंग! म्हणजे बॅकएंडला मेमरी लीक आहे आणि आपण बटणाचा रंग बदलतोय. हापिसात कोणी असं केलं तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण त्याला सोलून काढू. :)

त्यात भर म्हणजे जुने शॉकअप तसेच ठेवून फक्त स्प्रिंग छोटी घालायची. शॉकअपच्या दांड्याला ठरावीक प्रवास असतो. गाडी ४० मिलीमीटर खाली बसली की खड्ड्यासाठी राखून ठेवलेल्या प्रवासातले तेवढे आधीच खर्च झाले. मग पहिल्याच स्पीडब्रेकरवर बंपस्टॉपवर धाड. स्प्रिंग कडक आणि तिला आवरणारा शॉकअप जुना, त्यामुळे वळणावर खड्डा आला की चाक रस्ता सोडून उडी मारतं. चाकांचे कोन बदलतात ते वेगळंच. मी अलाइनमेंट करायचं टाळलं आणि सहा महिन्यांत पुढच्या टायरच्या आतल्या कडा गुळगुळीत झाल्या. बाहेरून टायर नवाकोरा! काही महाभाग तर नवीन स्प्रिंगचे पैसे वाचवायला जुनीच गॅसने कापून घेतात. तापवलेल्या पोलादाची ताकद जाते हे दहावीच्या पोरालाही सांगावं लागू नये.

आता स्टीअरिंग. माझं जुनं होतं ३७ सेंटीमीटर, नवीन ३२. तेवढंच चाक वळवायला हाताचा जोर साधारण १६ टक्के जास्त लागतो. पॉवर स्टीअरिंग आहे, काय फरक पडतो? मीही हेच म्हणायचो.

दोन पावसाळ्यांपूर्वी, रात्री साडेनऊला, वसई फाट्याकडून रेंज ऑफिसच्या दिशेने येत होतो. बायको शेजारी, सातवा महिना. रस्त्यावर पाणी, पण बाकीच्या गाड्या जात होत्या. समोरून डंपर गेला, त्याची लाट बॉनेटवर आली आणि इंजिन बंद. गाडी अजून सरकत होती, मागे टँकर हॉर्न मारत होता, मला डावीकडे घ्यायचं होतं. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे पॉवर स्टीअरिंग गेलं. ते खेळण्यासारखं चाक दगड झालं. दोन्ही हातांनी, सीटवरून अर्धा उठून ओढलं तेव्हा कुठे गाडी कडेला गेली. टँकर आरशाला चाटून गेला.

४० मिलीमीटरमुळेच पाणी आत गेलं हे मी सिद्ध करू शकत नाही. ५ सेंटीमीटरमुळेच उशीर झाला हेही नाही. पण त्या रात्री दोन्ही गोष्टी माझ्या बाजूने नव्हत्या, आणि दोन्ही मी पैसे देऊन आणल्या होत्या. बायको काही बोलली नाही. घरी येऊन पाय पुसले आणि झोपली. बोलली असती तर बरं झालं असतं.

"रेसवाले तर छोटंच लावतात" हा आवडता युक्तिवाद. अहो, रेसवाल्याला पिंजरा असतो, हार्नेस असतो, हेल्मेट असतं, आणि त्याच्या ट्रॅकवर गुडघाभर पाणी नसतं. तुमच्या स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर ती काढून तिथे लाल शिलाई बसवणं याला मला सभ्य शब्द सापडत नाही. बॉस किट स्वस्तातलं असेल तर इंडिकेटर आपोआप बंद होणं थांबतं. माझं थांबलं होतं. डावीकडचा दिवा लावून मी अख्खा अंबाडी रोड सरळ गेलोय.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षं उलटलेली गाडी फेरनोंदणीला आरटीओसमोर उभी करायचीच असते. तिथे काय सांगणार, मजा येते साहेब?

मग जुन्या गाडीला हात लावायचाच नाही का? उलट! वालीवच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी गाडी जॅकवर चढवली, लोखंडी पहार घालून लोअर आर्म हलवून दाखवला आणि म्हणाले, "पोरा, हिचे गुडघे गेलेत आणि तू तिला टोपी घालतोयस." मग फियाटचं सामान शोधत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तीन शनिवार. फियाट आता इथे गाड्या विकत नाही, त्यामुळे एकेक बुश म्हणजे पुरातत्त्व खात्याचं काम. नवे बुश, चारही शॉकअप, टाय रॉड एंड, मूळ उंचीच्या स्प्रिंगा, मूळ स्टीअरिंग, अलाइनमेंट. सगळं मिळून जेवढा खर्च आला त्यापेक्षा माझं आधीचं सोंग महाग होतं. आणि गाडी? वज्रेश्वरीच्या रस्त्यावर घेऊन गेलो. वळणात घातली की ती बसते, खड्डा आला तर गिळते आणि पुन्हा तिथेच असते. स्टीअरिंग एका बोटाएवढं वळवलं की एका बोटाएवढंच वळते. फोटोत मात्र काहीही दिसत नाही, हाच तिचा दोष.

मावसभावाला काल मेसेज टाकलाय. रविवारी गाडी घेऊन ये, काकांकडे जॅकवर चढवू, आधी बुश बघू, बुशचे पैसे माझे. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही. मावशी म्हणाली, त्याने स्टीअरिंग ऑनलाइन मागवलंय, मंगळवारी येतंय.